ऊद फिरल्यावर

१

दुऐज रोज सकाळी नऊ वाजता दिवाणखान्याचं दार उघडायचा. आधी एसीचं बटण, मग पडदे अर्धे सारायचे, मग वडिलांना हाताला धरून आत आणायचं. हा क्रम कधी चुकला नव्हता. तीस वर्षं पाणी-वीज खात्यात इंजिनियर म्हणून काढलेला माणूस तो. क्रम चुकला की त्याला अंगावर मुंग्या आल्यासारखं व्हायचं.

दिवाणखाना घराला चिकटून, पण दार रस्त्याकडं. आत तीन भिंतींच्या कडेनं लाल-काळ्या विणीच्या गाद्या, पाठीला लोड, कोपर टेकायला उशा. चौतीस माणसं ऐसपैस बसतील असा हिशेब. हमूदनी, म्हणजे दुऐजच्या वडिलांनी, हा दिवाणखाना बांधून घेतला तेव्हा ते कुवेतच्या शुवैख बंदरात येणारी जहाजं धक्क्याला लावायचं काम करत. तेव्हा चौतीस जागा कमी पडायच्या आणि तरणी माणसं उंबऱ्यावर बसायची. आता हमूद सत्त्याऐंशीचे होते, उंबऱ्यावर बसणारे म्हातारे होऊन मेले होते, आणि सकाळी पाच माणसं यायची.

पण बैठक रोज भरायलाच हवी होती. रमजानात आठ दिवस सकाळची बैठक बंद राहिली तर हमूद अंथरुणाला खिळले. डॉक्टरनं दुऐजला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधं बंद केलीत तरी चालेल एक वेळ, बैठक बंद करू नका. तेवढ्यावर जीव धरून आहेत ते."

तर बैठक चालू होती. हमूद दारासमोरच्या आपल्या जागेवर बसायचे, आणि अधूनमधून एखाद्या रिकाम्या गादीकडं बघून मान तुकवून म्हणायचे, "या, या. वर सरकून बसा ना. लाजताय कशाला?"

पहिल्यांदा सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता. मग सवय झाली. मेंदूचं वय झालंय, असं डॉक्टर म्हणाला होता, आणि दुऐजनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं.

एकच गोष्ट त्यानं बंद केली होती. ऊद.

कुवेतात पाहुण्याला कोणी "आता निघा" म्हणत नाही. धूपदाणीत निखारा घालायचा, त्यावर ऊदाची ढलपी ठेवायची आणि धूपदाणी उजव्या हातानं फिरवायची. जो तो धूर दाढीत घेतो, डोक्यावरच्या रुमालात घेतो, यजमानाचं कल्याण चिंततो आणि उठतो. ऊद फिरल्यावर कोणी बसून राहत नाही.

मार्च महिन्यात कुन्हालीनं सवयीनं ऊद फिरवला. कुन्हाली मूळचा कोळिकोडचा, एकतीस वर्षं याच घरात कॉफी करणारा. त्याची काही चूक नव्हती. पाहुणे उठले, आणि त्यांच्यामागून हमूदही उठले. कोणाच्या लक्षात यायच्या आत अनवाणी रस्त्यावर. सिग्नल ओलांडून समुद्राच्या दिशेनं, हात हलवत, कोणाशी तरी गप्पा मारत. दुऐजनं पळत जाऊन गाठलं तेव्हा ते हसत होते. त्यानंतर तीन दिवस ना अन्न, ना पाणी, ना शब्द. "पुन्हा असं झालं," डॉक्टर म्हणाला, "तर मला बोलावू नका."

दुऐजनं धूपदाणी वरच्या मजल्यावर कपाटात कुलूप लावून ठेवली. पाहुण्यांना सांगितलं, वडिलांच्या छातीला धूर सोसत नाही. माझा बाप स्वतःच्याच घरातून पाहुण्यासारखा उठून निघतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

२

मिसाइद आला तो सप्टेंबरातल्या एका धुळकट सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, आणि दारातूनच ओरडला, "बू जर्राह, कॉफी नंतर! आधी हे बघ!"

जर्राह हा दुऐजचा थोरला मुलगा, म्हणून मित्रांच्या तोंडी दुऐज 'बू जर्राह', जर्राहचा बाप. मिसाइद त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कस्टम खात्यातून निवृत्त. लोकांच्या बॅगा उघडून बघण्यात आयुष्य गेल्यामुळं आता त्याला दुसऱ्यांना वस्तू दाखवण्याची हौस होती.

त्यानं झग्याच्या खिशातून साबणाच्या वडीएवढं काहीतरी काढलं. काळं, गुळगुळीत, एका अंगाला छोटी स्क्रीन आणि टोकाला चोच.

"वेप आहे," दुऐज म्हणाला. "माझा धाकटा ओढतो. बायको त्याच्या नावानं रोज खडे फोडते."

"तो वेप आणि हा वेप! अरे, जावयानं दुबईच्या प्रदर्शनातून आणलाय. खास आपल्यासारख्यांसाठी बनवलाय, बैठकीसाठी." मिसाइदनं बोट दाखवलं. "हा ओठ ओळखतो. नवा माणूस ओढायला लागला की कळतं त्याला, आकडा वाढतो. वर स्वागत करतो, ऐक."

त्यानं चोच तोंडात धरून ओढली. यंत्र थरथरलं, कडेला निळी रेघ उमटली आणि आतून एक नाजूक बाई म्हणाली, "अह्लन!"

या, स्वागत आहे. पण चीनमधल्या बाईनं कालच अरबी शिकल्यासारखं. स्क्रीनवर १ उमटला.

"ही तुझ्या बायकोपेक्षा गोड बोलते," कोपऱ्यातून बद्दाह मास्तर म्हणाले. बद्दाह भूगोल शिकवत. आता वजन इतकं वाढलं होतं की एकदा बसले की दुपारच्या अजानेपर्यंत हलत नसत.

"मास्तर, तुमच्याशी कोणतीही बाई गोड बोलली तर मला कळवा. पेपरात देऊ."

बाकीचे तिघं खो खो हसले. ते तिघं सख्खे भाऊ, एकाच मोटारीतून येत, एकाच वेळी हसत. हमूदही हसले. विनोद कळून नव्हे, सगळे हसतात म्हणून.

"बाबांच्या छातीला…" दुऐज म्हणायला गेला.

"काकांची काळजी मला नाही होय? निखारा नाही, राख नाही, धूर नाही. नुसती वाफ. आंघोळीच्या पाण्याची असते तशी."

दुऐजनं इंजिनियरच्या डोक्यानं विचार केला. वाफ म्हणजे वाफ. त्यानं हात हलवून 'चालू दे' म्हटलं.

३

मिसाइदनं यंत्र उजवीकडं दिलं. का, कुणास ठाऊक. कुवेतात बैठकीतली वस्तू उजवीकडूनच फिरते, हात आपोआप वळतो. बद्दाह मास्तरांनी ओढलं. "अह्लन!" दोन. मग तिघं भाऊ एकामागून एक. "अह्लन, अह्लन, अह्लन!" पाच. प्रत्येकानं वाफ सोडली की ती उन्हाच्या तिरीपेत येऊन मांजरासारखी अंग ताणायची आणि विरायची.

यंत्र दुऐजच्या हातात आलं. त्यानं एकच हलका झुरका घेतला.

"अह्लन!"

चव जिभेवर पोचायला क्षण लागला. ओलं लाकूड. कडू, मग गोड, मग कुठंतरी खोल, जुन्या पेटीचं झाकण उघडल्यासारखं.

"मिसाइद." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "हे काय भरलंयस यात?"

"ओळखलास ना!" मिसाइदचा चेहरा फुलला. "ऊद! तुझ्या घरात सहा महिने ऊद नाही, म्हटलं काकांना वास तरी मिळू दे. धुराचाच त्रास ना? हा बिनधुराचा."

दुऐजनं वडिलांकडं पाहिलं. हमूद जागेवरच होते. नाकपुड्या जरा फुलल्या होत्या, एवढंच. त्यानं श्वास सोडला. प्रयोगशाळेतला ऊद, त्यानं स्वतःला समजावलं. बाटलीतला थेंब. याला कोण ऊद म्हणेल?

त्यानं यंत्र मधल्या बुटक्या टेबलावर, खजुराच्या ताटलीशेजारी ठेवून दिलं. स्क्रीनवर ६ होता.

"बास," तो म्हणाला. "पुरे झालं खेळणं."

"अह्लन!" टेबलावरून बाई म्हणाली.

४

सगळे हसले. मिसाइद सगळ्यात मोठ्यानं.

"बॅटरीचा घोळ," तो म्हणाला.

स्क्रीनवर ७ होता.

"एसीचा झोत येतोय," दुऐज म्हणाला. "चोचीतून हवा ओढली जाते, त्याला वाटतं माणूस आहे." हे अगदी पटण्यासारखं होतं. तो उठला, एसी बंद केला. खोली एकदम बहिरी झाली. बाहेर कुठंतरी गॅसची गाडी घंटी वाजवत गेली.

"अह्लन!"

आठ.

आणि आता एसी बंद असल्यामुळं नीट दिसलं. चोचीतून वाफेचा एक बारीक धागा निघाला, सुतासारखा. तो वर गेला नाही. आडवा निघाला, टेबलावरून, सतरंजीवरून, डावीकडच्या भिंतीलगतच्या एका रिकाम्या गादीपर्यंत. तिथं, बसलेल्या माणसाचं तोंड असेल एवढ्या उंचीवर, तो आत गेल्यासारखा संपला.

मिसाइदनं टेबलापासून पाय आखडून घेतले.

मग त्याच उंचीवर, हवेतून, वाफेचा एक संथ ढग बाहेर आला. कोणीतरी मनापासून सोडलेल्या श्वासासारखा. उन्हाच्या तिरीपेत क्षणभर त्याला कड आली, एका गालाची, गालाखालच्या दाढीची, आणि पसरून गेली.

"ला इलाह…" एक भाऊ पुटपुटला. बाकीच्या दोघांनी पहिल्यांदाच त्याच्याबरोबर तोंड उघडलं नाही.

"अह्लन!" नऊ. धागा शेजारच्या गादीकडं. "अह्लन!" दहा. त्याच्या शेजारच्या. क्रमानं. उजव्या हाताच्या क्रमानं, एकही जागा न गाळता. दुऐजच्या मनात पहिल्यांदा आलं ते भयाचं नव्हतं, त्याची त्यालाच लाज वाटली. त्याच्या मनात आलं, किती शिस्त आहे! तीस वर्षांत त्याच्या खात्यातल्या एकाही रांगेत अशी शिस्त त्यानं पाहिली नव्हती.

खोली ऊदानं भरत चालली होती. आणि आता तो बाटलीतला नव्हता. दुऐजला शपथेवर सांगता आलं असतं. तो निखाऱ्यावरचा होता, त्यात जळणाऱ्या लाकडाची चटचट होती, आणि त्यात ओल्या दोरखंडाचा, समुद्राच्या मिठाचा, जुन्या गुलाबपाण्याचा वास मिसळला होता. ज्या माणसांच्या अंगाला हे वास यायचे त्यांच्या खांद्यावर तो लहानपणी बसला होता.

अठरा. एकोणीस. रिकाम्या जागांवरून वाफेचे श्वास येत होते, कोणी घाईचा, कोणी दमेकऱ्याचा तुटक, कोणी दोन नाकपुड्यांतून शौकीनासारखा. बद्दाह मास्तरांच्या दोन्ही बाजूंच्या गाद्या रिकाम्या होत्या. मास्तरांनी पोट आत ओढून घेतलं होतं, शेजाऱ्याला जागा करून द्यावी तसं.

"बंद कर ते," दुऐज कुजबुजला.

"बटणच नाही त्याला," मिसाइद म्हणाला. "ओढणं थांबलं की बंद होतं."

५

तेहतीसला बाई थांबली.

दुऐजनं नकळत हिशेब केला होता. ओढून झालेले जिवंत सहा. रिकाम्या जागा सत्तावीस. खोलीत जागा चौतीस. उरली एक.

हमूद पुढं झुकले. वाकता येत नसे त्यांना, चमचा पडला तर दुऐज उचलून द्यायचा; पण आता ते सहज वाकले आणि टेबलावरचं यंत्र त्यांनी उचललं. तळहातावर धरून आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, मग समोर. चेहऱ्यावर काहीच धुकं नव्हतं. घर भरलं की यजमानाच्या चेहऱ्यावर येतो तो थकलेला, तृप्त भाव होता.

"सगळ्यांना पोचला ना?" त्यांनी विचारलं.

कोणी उत्तर दिलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

"मग मीही घेतो."

"बाबा, नको!" दुऐज धडपडत उठला, पण मध्ये टेबल होतं. हमूदनी चोच ओठांना लावली आणि लांब, शांत झुरका घेतला. खोकला आला नाही.

"अह्लन!"

वाफ त्यांच्या पांढऱ्या दाढीतून गळत राहिली. आणि मग दुऐजनं तो आवाज ऐकला.

फार मोठा नव्हता. कोणी एक माणूस गादीवरून उठला तर कापसाला जो सुस्कारा सुटतो, तो. लहानपणापासून रोज ऐकलेला. पण आता तो भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. सत्तावीस गाद्या खालून वर आल्या, एकामागून एक, आणि आता कुठं दुऐजला कळलं की इतके दिवस त्या दबलेल्या होत्या. वर्षानुवर्षं तो दबलेल्या गाद्या बघत होता आणि कापूस जुना झालाय असं म्हणत होता.

पडद्यांची झालर हलली. इतकी माणसं एकदम उभी राहिल्यावर खोलीतली हवा जशी बदलते तशी बदलली. दाराकडची उन्हाची तिरीप तुटत-जुळत राहिली, तिच्या आड कोणीतरी सरकत असल्यासारखी.

हमूद उभे राहिले. काठीशिवाय.

"बरं," ते म्हणाले, दुऐजकडं बघून, अगदी पाहुण्याच्या सुरात. "फार छान झाली बैठक. देव तुझं घर भरलेलं ठेवो." आणि दाराकडं निघाले.

६

दुऐज दारात जाऊन आडवा उभा राहिला. पाठीमागं उघडं दार, पांढरं धुळकट ऊन, मोटारींचे आवाज. समोर वडील, चार पावलांवर. आणि वडिलांच्या मागं आणि बाजूला, आणि त्याच्या स्वतःच्या अगदी छातीशी, कोणीतरी नम्रपणे थांबलेलं. वाट अडवली म्हणून खोळंबलेलं. त्या थांबण्यात राग नव्हता.

"थांबा!" तो म्हणाला. "हा ऊद माझा नाही. निखारा मी पेटवला नाही. धूपदाणी मी फिरवली नाही. एका पाहुण्यानं खिशातून खेळणं काढलं आणि तुम्ही निघालात?"

"माझी चूक!" मिसाइद मागून रडकुंडीला येऊन ओरडला. "चूक माझी आहे, साहेब लोक! मी गाढव आहे!"

हमूदनी एक पाऊल पुढं टाकलं. मग आणखी एक. वास त्यांच्याबरोबर पुढं सरकला. ऊद कोणी फिरवला हे कोण विचारतो? फिरला, की फिरला. आता हमूदचा हात दुऐजच्या खांद्यावर होता, बाजूला करायला. हलका, कोरडा, आणि त्याला न थोपवता येण्याइतका ठाम.

तेव्हा दुऐज ते बोलला. गावाकडचे दांडगे यजमान जेवल्याशिवाय निघालेल्या पाहुण्याला अडवायला जे बोलतात ते. शिकलेली माणसं ज्याला नाक मुरडतात ते. स्वतः दुऐज एकदा एका लग्नात ते ऐकून उठून गेला होता.

"माझ्या बायकोला तलाक!" तो ओरडला. "आज यांच्यातल्या एकानंही हा उंबरा ओलांडला, तर माझ्या बायकोला तलाक!"

आतल्या दाराआडून, घराच्या बाजूनं, त्याच्या बायकोचा, नौराचा आवाज आला. "काय म्हणालास?"

कोणी हललं नाही. हमूदचा हात खांद्यावर तसाच थांबला.

यजमानानं अशी शपथ घातली की पाहुण्याच्या पायात बेडी पडते. निघालास तर एका माणसाचं घर मोडून निघालास. जी माणसं जिवंतपणी कधी कोणाचं घर मोडायला गेली नव्हती, ती आता उन्हात उभी राहून विचार करत होती. दुऐजला तो विचार ऐकू येत होता, मोठ्या जहाजाचं इंजिन लांबवर फिरावं तसा, छातीच्या हाडांत. किती वेळ, कुणास ठाऊक. त्याच्या मनात भीती होती, पण भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं, इतकं मोठं की त्याला त्याचं टोक दिसेना. एवढी माणसं, तो म्हणत होता मनात. एवढी माणसं आमच्याकडं बसून होती!

मग डावीकडची, भिंतीच्या टोकाची एक गादी खाली गेली.

कापूस हळूच दबला, मधोमध, खोल. मग तिच्या शेजारची. मग तिच्या शेजारची. तीन भिंती फिरून, लाल-काळ्या विणीवरून दाबाची एक लाट आली आणि दारापाशी येऊन थांबली. बद्दाह मास्तर डोळे गच्च मिटून दोन्ही बाजूंना थोडं थोडं सरकले.

हमूदनी सुस्कारा सोडला, दुऐजच्या खांद्याला धरून वळले, आणि आपल्या जागी जाऊन बसले. बसताना गुडघे कुरकुरले, नेहमीसारखे. मग त्यांनी भुवया उंचावून लेकाकडं पाहिलं.

"बघतोस काय?" ते कडाडले. "शपथा घालून बसवून ठेवलंस, आणि पाहुणे कोरडे?"

कुन्हाली आतल्या दारात उभा होता, हातात कॉफीचा पितळी दल्ला, लांब चोचीची किटली, घेऊन. त्याचे डोळे गाद्यांवरून फिरले, एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं काही विचारलं नाही. फक्त कामाचं विचारलं.

"पेले किती, साहेब?"

"सत्तावीस," दुऐज म्हणाला. "आणि हे आमचे सहा. आणि बाबांचा."

त्यानं दल्ला स्वतःच्या डाव्या हातात घेतला. शपथ त्यानं घातली होती, ओतायचं त्यानंच. दाराच्या उजव्या अंगाला, पहिल्या दबलेल्या गादीसमोर तो वाकला, पेल्यात तीन घोट कॉफी ओतली आणि पेला पुढं धरला. वेलदोड्याची वाफ वर आली. समोर विणीवरचा खळगा, आणि ऊन.

दिलेला पेला यजमान मागं घेत नाही. तो धरून राहिला. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, किंवा सगळेच घेत होते, ते वेगळं ओळखता येत नव्हतं.

मग त्याच्या बोटांवरचं पेल्याचं ओझं उचललं गेलं. अलगद, दोन्ही बाजूंनी, अनुभवी हातानं.

पाहुणा पीत असताना त्याच्या तोंडाकडं बघू नये. दुऐजनं मान खाली घातली, दुसरा पेला घेतला, आणि शेजारच्या जागेपुढं सरकून वाकला.